शेकाचे पट्टे विमानात चढण्याआधी

कार्टन गरम होतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या पॅकिंग हॉलमध्ये मी उभी होते. मंगळवार, सकाळचे साडेदहा. चाळीस कार्टन पाच-पाचच्या थप्प्या लावून ठेवले होते आणि मी एकेकावरची लेबलं तपासत चालले होते. एका लेबलाचा कोपरा नीट चिकटला नव्हता. तो तळव्यानं दाबला तर तळव्याला ऊब लागली. शेजारच्या कार्टनवर हात ठेवला, ते गार होतं. पुन्हा पहिल्यावर ठेवला. चटका बसावा असं काही नव्हतं. नुकतंच कुणीतरी उठून गेलेल्या अंथरुणाला असते तेवढी ऊब.

मी फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये आहे. माल ज्याचा आहे तो आणि विमान ज्यांचं आहे ते, यांच्या मधलं हे काम. विमानात जागा बुक करायची, कागद बनवायचे, माल वेळेत विमानतळावर पोचवायचा. सव्वीस वर्षं झाली. पहिली पंधरा मुंबईत गेली, नंतरची इथं सोलापुरात. सोलापुरातून मुख्यतः टॉवेल आणि चादरी बाहेर जातात आणि त्या जहाजानं जातात. टॉवेलला घाई नसते.

या मालाला होती. कारखान्याचे मालक श्रीनिवास, वय चाळीसच्या आसपास. वडिलांचा टॉवेलचा कारखाना. मुलगा इलेक्ट्रॉनिक्स शिकला, बेंगळुरूत दहा वर्षं नोकरी करून परत आला आणि त्यानं टॉवेलच्याच कापडाचा कमरेला शेक देणारा पट्टा बनवला. आत तापणारी तार, मागच्या खिशात चार्जिंगची बॅटरी, वर एक बटण. पट्टा कमरेला बांधायचा, बटण दोन सेकंद दाबायचं, वीस मिनिटं शेक मिळतो आणि मग तो आपोआप बंद होतो. मी स्वतः एक महिनाभर वापरला होता. वस्तू चांगली होती. दुबईतल्या एका दुकानवाल्यांनी आठशे पट्टे मागवले होते. त्यांच्या सहा दुकानांत शनिवारी संध्याकाळी लाँच होतं. गुरुवारी संध्याकाळच्या मुंबई-दुबई विमानात माझी जागा बुक होती.

लिथियम बॅटरी असलेली कुठलीही वस्तू आमच्या भाषेत ‘डीजी’ असते, म्हणजे डेंजरस गुड्स. तुमचा मोबाइलसुद्धा त्यात येतो. ही बॅटरी पेटली की सहजी विझत नाही, आणि विमानाच्या पोटात माल पेटला तर तिथं जाऊन विझवायला कुणी नसतं. म्हणून नियम कडक आहेत. त्यातून उष्णता देणारी वस्तू असेल तर आणखी एक अट असते. ती प्रवासात आपोआप चालू होणार नाही अशा रीतीनं बांधलेली असली पाहिजे. तसं एक हमीपत्र एअरलाइनला द्यावं लागतं. त्यावर मालकाची सही असते आणि खाली, या कामाचं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती म्हणून, माझी.

मी ते कार्टन खाली घेतलं आणि टेप कापली. आत वीस बॉक्स होते. वरून तिसरा बॉक्स गरम. उघडला तर आतला पट्टा चालू होता. बटणाभोवतीचा लाल दिवा शांतपणे लागलेला.

श्रीनिवास ऑफिसमधून आले.

“काय झालं, मॅडम?”

मी पट्टा त्यांच्या हातात दिला. त्यांनी बटण दाबून तो बंद केला.

“एखादा पीस टेस्टिंगनंतर चालू राहिला असेल.”

“टेस्टिंग कधी झालं?”

“या लॉटचं शुक्रवारी.”

“तुमचा पट्टा वीस मिनिटांत बंद होतो. आज मंगळवार आहे.”

“मॅडम, बॅटरीत चार्ज तीस टक्क्यांच्या खाली आहे,” ते म्हणाले. “ तुम्हीच सांगितलं होतं तसं ठेवायला. चुकून चालू झाला तरी वीस मिनिटं कोमट होईल आणि बंद पडेल. याच्यानं काय होणार आहे?”

“अंगावर बांधला तर काही होणार नाही. तीन घड्या घालून बॉक्समध्ये ठेवलाय. उष्णता बाहेर कुठून जाणार? आणि बंद पडला तरी पुढच्या धक्क्याला परत चालू होईल.”

“होईलच असं कशावरून?”

“होणार नाही असं कशावरून? मला ‘होणार नाही’ असं लिहून सही करायची आहे.”

त्यांनी माझ्या हातातल्या फाइलकडे बोट केलं. “दोन आठवड्यांपूर्वी तुम्हीच पॅकिंग पास केलं होतं.”

खरं होतं. चेकलिस्टमध्ये ‘आपोआप चालू होण्यापासून संरक्षण’ अशी एक ओळ असते. त्यापुढे त्यांनी ‘हो’ लिहून पाठवलं होतं आणि मी ऑफिसात बसून तिथं टिक केली होती. नमुन्याचा एक बॉक्स पाहिला होता, तो टेबलावर एकटा ठेवलेला. वीस बॉक्स एकाला एक दाबून भरून, त्यांवर आणखी चार कार्टन ठेवून काय होतं, ते मी पाहिलं नव्हतं.

“हो, चूक माझी आहे,” मी म्हणाले. “म्हणूनच आज सही करत नाही.”

त्यांचा चेहरा कसा झाला ते मला आठवतं. रागापेक्षा त्यात भीती जास्त होती. वडिलांना टॉवेल सोडून हे दुसरं काही करायला पटवण्यात त्यांची तीन वर्षं गेली होती, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. ते म्हणाले, “मी दुसरा एजंट बघतो.” आणि तिथंच उभं राहून त्यांनी मुंबईला फोन लावला. पलीकडच्या माणसाचा आवाज मला ऐकू येत होता. तो म्हणाला, पाठवून द्या, कागद आम्ही बघून घेतो.

फोन ठेवल्यावर मी त्यांना एकच विचारलं. “बाकीचे पट्टे चालू झाले होते का, हे कळायला काही मार्ग आहे?”

“आहे,” ते म्हणाले. पट्ट्यातल्या चिपमध्ये तो किती वेळा चालू झाला याचा आकडा जमा होत असतो. दुरुस्तीला आलेल्या पट्ट्यासाठी त्यांनीच ती सोय ठेवली होती. पट्टा वायरनं लॅपटॉपला जोडला की आकडा दिसतो. कारखान्यातून निघताना प्रत्येक पट्ट्याचा आकडा एक असायला हवा, कारण टेस्टिंगला तो एकदाच चालू करतात.

त्यांनी लॅपटॉप आणला. त्या कार्टनमधले वीसच्या वीस पट्टे एकामागून एक जोडले. एक, एक, तीन, एक, दोन. सहा पट्टे एकापेक्षा जास्त वेळा चालू झालेले होते. एकाचा आकडा सात होता.

श्रीनिवासनी लॅपटॉप मिटला. दुसऱ्या एजंटचा विषय परत निघाला नाही.

कारण शोधायला वेळ लागला नाही. बटण किंचित वर आलेलं होतं. वरच्या कार्टनच्या वजनानं बॉक्सचं झाकण बटणावर दबत होतं आणि कुणी थप्पी हलवली की तो दाब पट्टा चालू व्हायला लागणारे दोन सेकंद टिकत होता.

सोपा उपाय म्हणून त्यांनी बटणावर जाड टेप लावायचं ठरवलं. मी म्हटलं, लावा, पण मला ते रस्त्यावर बघायचं आहे. आमच्याकडचे टेम्पोवाले युनूसभाई माल मुंबईला नेणारच होते. टेप लावलेल्या पट्ट्यांचे पाच कार्टन त्यांच्या गाडीत चढवले, वर टॉवेलचे गठ्ठे ठेवले आणि त्यांना मोहोळपर्यंत जाऊन यायला सांगितलं.

“आपा, मोहोळ में किसको देनेका माल?” त्यांनी विचारलं.

“किसीको नहीं. जाके वापस आओ.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, श्रीनिवासांकडे पाहिलं आणि गाडी काढली. दोन तासांनी परत आले. शंभर पट्टे लॅपटॉपला लावले. सात पट्ट्यांचा आकडा वाढला होता. टेप जाड असली तरी दाब खाली जातच होता.

दुपारचे दोन वाजले होते. श्रीनिवास म्हणाले, “बॅटऱ्या काढूनच टाकू. बॉक्समध्ये बाजूला ठेवू. मग चालूच होणार नाही.”

हे कुणालाही सुचेल आणि बरोबरही वाटेल. पण नियमात बॅटरी वस्तूच्या आत बसवलेली असणं हा एक प्रकार आणि त्याच बॉक्समध्ये सुटी ठेवलेली असणं हा दुसरा. पॅकिंगचे नियम वेगळे, कागद वेगळे, एअरलाइनची मंजुरी नव्यानं. ती यायला दोन-तीन दिवस. म्हणजे गुरुवारचं विमान गेलं. मी त्यांना तसं सांगितलं.

“म्हणजे बॅटरी आत पण पाहिजे आणि चालू पण व्हायला नको.”

“हो.”

“लाँच पुढे ढकला म्हणून सांगू का त्यांना?”

“अजून नको.”

खरं तर मलाही काही सुचत नव्हतं. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला पॅकिंगच्या टेबलापाशी जाऊन बसले. तिथं रेणुका काम करत होती. पस्तिशीची बाई, मोहोळकडच्या एका खेड्यातली, बारा वर्षं या कारखान्यात. आधी टॉवेलच्या घड्या घालायची, आता पट्ट्यांच्या पॅकिंगवर ती आणि तिच्या हाताखाली आठ बायका. सकाळपासून चाललेलं सगळं ती बघत होती.

“ताई,” ती म्हणाली, “गरम पट्टं आमाला रोज घावतात की.”

“रोज?”

“व्हय. कार्टन भरताना एखांदा गरम लागतो. आमी बंद करून परत ठिवतो.”

“कुणाला सांगितलं होतं?”

“आमाला वाटलं, टेस्टिंगचा हाय. तितनं गरमच येत्यात.” मग पुढं म्हणाली, “आन् कुनी इचारलंबी न्हाय.”

मी तिला अडचण समजावून सांगितली. नियम सांगितला नाही, फक्त काय हवं आहे ते सांगितलं. बॅटरी खिशातच राहिली पाहिजे, पण वीज पट्ट्यात जायला नको. तिनं एक पट्टा उचलला, खिसा उघडला आणि बॅटरी अर्धी बाहेर ओढली. बॅटरी एका प्लॅस्टिकच्या खाचेत सरकून बसते आणि तळाशी दोन पितळी पत्र्यांना टेकते.

“हितं काय घातलं तर?” तिनं पत्र्यांवर नख ठेवून विचारलं. “पोराच्या खेळन्यात असती तशी पट्टी. ओढली की चालू.”

टेबलाखाली टॉवेलच्या पॅकिंगच्या जाड पॉलिथिनचे तुकडे पडलेले होते. तिनं कात्रीनं एक बोटभर रुंद पट्टी कापली, पत्र्यांवर ठेवली आणि बॅटरी परत आत सरकवली. बटण दाबलं. काही नाही. मी दाबलं. काही नाही. श्रीनिवासना बोलावलं. त्यांनी पाच-सहा वेळा दाबलं आणि पट्टा खाली ठेवला.

“हे मला सुचायला पाहिजे होतं,” ते म्हणाले.

पण लगेच त्यांना दुसरी काळजी लागली. “दुकानात गिऱ्हाईक बॉक्स उघडणार, बटण दाबणार आणि पट्टा चालणार नाही. पहिल्याच दिवशी. लोक म्हणतील, माल खराब आहे.”

ही काळजी खोटी नव्हती. रेणुकानं टॉवेलच्या लाल काठाची कापलेली चिंधी घेतली आणि पॉलिथिनच्या टोकाला शिवायचं दाखवलं, म्हणजे लाल शेपूट खिशाबाहेर लोंबत राहील. श्रीनिवासनी ‘आधी हे ओढा’ असं इंग्रजी आणि अरबीत लिहिलेली चिठ्ठी करायला घेतली. अरबी मजकूर दुबईच्या दुकानवाल्यांनी अर्ध्या तासात फोनवर पाठवला. त्यांना कारण सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की माल किती येणार.

ते आम्हालाही माहीत नव्हतं. आठशे पट्टे बॉक्समधून काढायचे, बॅटरी ओढायची, पट्टी घालायची, चिठ्ठी लावायची, घडी घालून परत भरायचं. लॅपटॉपला लावून आकडा बघायचा तो वेगळाच. नऊ बायका आणि बुधवारी संध्याकाळी पाचला टेम्पो निघायला हवा होता. मुंबईत गुरुवारी सकाळी अकराचा कट-ऑफ होता. कट-ऑफ म्हणजे ज्यानंतर विमानतळावर त्या विमानाचा माल घेत नाहीत. अकरा वाजून पाच मिनिटांनी पोचलात तर तुम्ही उद्याचे.

बुधवारी सकाळी पहिले पाच कार्टन तयार झाले. युनूसभाई पुन्हा मोहोळला निघाले. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. परत आल्यावर उघडले. एकाचाही आकडा वाढलेला नव्हता. पण दोन पट्ट्यांमधली पट्टी जवळजवळ निम्मी बाहेर आली होती. लाल शेपूट झाकणात अडकून ओढलं गेलं होतं.

श्रीनिवास माझ्याकडे बघत राहिले. मी नकारार्थी मान हलवली. शंभरात दोन हे आमच्या कामात ‘जवळजवळ ठीक’ धरत नाहीत.

रेणुकानं पट्टीचं आतलं टोक दुमडून घेतलं, म्हणजे जोर लावून ओढल्याशिवाय ती सुटू नये. शेपूट बाहेर न सोडता खिशावर सपाट ठेवून चिठ्ठीच्या स्टिकरनं चिकटवलं. म्हणजे झालेलं शंभर पीसचं काम पुन्हा करायचं होतं. एक बाई हळू आवाजात काहीतरी म्हणाली, रेणुका म्हणाली, “गप, हात चालव.” त्या दिवशी श्रीनिवास स्वतः दिवसभर टेबलावर बसून बॅटऱ्या सरकवत होते. तीन वाजता त्यांचे वडील आले. पांढरा शर्ट, हातात काठी. ते तेलुगूत मुलाशी दोन वाक्यं बोलले, खुर्ची ओढली आणि चिठ्ठ्या कापू लागले.

दुपारी पुन्हा एक फेरी झाली. मोहोळपर्यंत जायला वेळ नव्हता, म्हणून मी युनूसभाईंना एमआयडीसीतल्याच खड्ड्यांच्या रस्त्यानं तासभर गाडी फिरवायला सांगितली. तो रस्ता महामार्गापेक्षा कडक परीक्षा घेतो. या वेळी सगळ्या पट्ट्या जागच्या जागी होत्या. एकाही पट्ट्याचा आकडा हलला नव्हता.

पाच वाजता पंचवीस कार्टन तयार झाले होते. पाचशे पट्टे. श्रीनिवास म्हणाले, “सहाला काढू गाडी. अजून चार कार्टन होतील.”

“पाचला.”

“मॅडम, मोडनिंबला, टेंभुर्णीला कुठं ट्रॅफिक असतं?”

“मुंबईत असतं.”

टेम्पो पाचला निघाला. हमीपत्रावर त्यांनी सही केली, खाली मी केली. बुकिंग चाळीसचं होतं ते पंचवीसचं करून घेतलं आणि उरलेल्या पंधरा कार्टनसाठी रविवारच्या विमानात जागा मागितली.

गुरुवारी सकाळी माल विमानतळावर लागला. तिथं डीजी माल स्वीकारणारा माणूस असतो. तो कागद वाचतो, लेबलं मोजतो आणि शंका आली तर उघडून बघतो. उष्णता देणारी वस्तू म्हटल्यावर त्याला शंका आली. त्यानं एक कार्टन उघडलं, बॉक्स काढला, बटण दाबलं. आमच्या मुंबई ऑफिसचा माणूस शेजारी उभा राहून मला फोनवर सांगत होता.

“आता परत दाबतोय. आता खिसा उघडलाय. पट्टी बघतोय.”

“काय म्हणतो?”

“काही म्हणत नाही. शिक्का मारला.”

शनिवारी लाँच झालं. सहा दुकानांऐवजी चार दुकानांत माल ठेवला. उरलेल्या दोन दुकानांत मंगळवारी पोचला. पहिल्या आठवड्यात ‘पट्टा चालत नाही’ अशा अकरा तक्रारी आल्या. अकराही जणांनी लाल चिंधी ओढली नव्हती.

विमानात काय झालं असतं, हे मला माहीत नाही. बहुधा काहीच नाही. आमच्या कामात हा प्रश्न कायम अनुत्तरित राहतो. माल नीट गेला तर कळत नाही की तो काळजीमुळे नीट गेला की नाहीतरी गेलाच असता. श्रीनिवास एकदा म्हणाले, “मॅडम, त्या दिवशी तुमचा हात दुसऱ्या कार्टनवर पडला असता तर?” मी म्हटलं, तर माझी सही झाली असती.

पुढच्या मॉडेलमध्ये त्यांनी बटण आत घेतलं आणि प्रवासासाठी कुलूप ठेवलं. ठरावीक क्रमानं तीन वेळा दाबल्याशिवाय पट्टा पहिल्यांदा चालूच होत नाही. रेणुकाला आता नवीन वस्तूचा नमुना झाला की पॅकिंगच्या आधी बोलावतात. पगार वाढला की नाही ते मी विचारलं नाही. पदाचं नाव मात्र बदललं, ते तिनंच मला सांगितलं, थोडं हसत.

मी काय शिकले? माल कसा असायला हवा ते मालक सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो. माल कसा आहे, ते मात्र बांधणाऱ्यालाच माहीत असतं, आणि त्याला कुणी विचारत नाही. आता मी कुठल्याही कारखान्यात गेले की मालकाच्या केबिनमध्ये बसत नाही. आधी पॅकिंगच्या टेबलाशी जाते. चहा नंतर घेते.